टाकीला कान लावून

सकाळी ७. गाडीत सामान चढतं: चार ध्वनी-सेन्सर, एचएफसीटीची, म्हणजे तारेतला उच्च-वारंवारतेचा प्रवाह टिपणारी, उघडमीट कडी, मोजणीयंत्र, ग्रीसची ट्यूब आणि ०.५ मिलिमीटरची शिसपेन्सिल.

९. २२० केव्हीचं उपकेंद्र. परमिट, सही, हेल्मेट. ट्रान्सफॉर्मर चालू आहे, चालूच राहणार. तेलाच्या नमुन्यात हायड्रोजन वाढलाय, ॲसिटिलीन नाही. म्हणजे आत मोठी ठिणगी नसावी. पण इन्सुलेशनमध्ये पार्शल डिस्चार्ज (अर्धवट, बारीक ठिणग्या), आमच्या बोलीत पीडी, चालू असल्याचा संशय.

९.४५. टाकीच्या अर्थिंग पट्टीभोवती कडी मिटवली. पट्टीला हात लावायचा नाही. पडद्यावर लगेच स्पंदांची गर्दी. नवखा इथेच खूश होतो. ५० हर्ट्‌झच्या लाटेवर फेज बदलून बदलून मांडले, तर बहुतेक ऋण शिखराशी गोळा झालेले. हा बाहेरचा करोना, उघड्या हवेतला डिस्चार्ज. ४० किलोहर्ट्‌झची अल्ट्रासॉनिक तबकडी फिरवली, तर बसबारच्या एका क्लॅम्पवर आवाज सापडला. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, दमट हवेत तो रोजच कुरकुरतो." कुरकुरू दे.

११. करोना गाळल्यावर खाली दुसरा पुंजका उरला: दोन्ही अर्धचक्रांत, व्होल्टेज शिखराकडे चढत असताना. पोकळीतला पीडी असाच दिसतो.

११.३०. सेन्सर ग्रीस लावून लोहचुंबकाने टाकीला चिकटवले. आता पेन्सिल. शिसाचं टोक पत्र्यावर कट्‌कन मोडायचं. चारही चॅनलवर रेघ उठली पाहिजे. तिसऱ्यावर उठली नाही. खाली रंगाचा पोपडा होता. सेन्सर वीतभर सरकवला.

१२ ते ३. विजेचा स्पंद तत्क्षणी येतो, आवाज मागून. तेलात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १४०० मीटर, म्हणजे अर्धा मिलिसेकंद उशीर झाला तर अंतर सत्तर सेंटिमीटर. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात पोलादी पत्र्यातून धावणारा आवाज आधी पोचून अंतर कमी दाखवतो, म्हणून रेघेतला दुसरा उंचवटा शोधत बसायचं. त्यात सर आली. टाकीवर पडणारा थेंबही सेन्सरला ऐकू येतो. डबा उघडला.

४. तीन सेन्सरांचं एकमत: टॅपचेंजरच्या बाजूला, हातभर इकडेतिकडे. कार्यकारी अभियंत्यांचा एकच प्रश्न, "बंद करू का?" किती पिकोकूलॉम्ब, हेही हवंय. चालू ट्रान्सफॉर्मरवर कडी लावून तो आकडा छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मी लिहून दिलं: आठवड्याच्या आत पुन्हा तेल तपासा, दोन सेन्सर लावूनच ठेवतो, पीडी वाढला किंवा ॲसिटिलीन दिसलं तर बंद करा. साहेबांना 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. तरी सही केली.

६. पेटीत दोनच सेन्सर उरले. उद्या दुसऱ्या उपकेंद्रात तेवढ्यावर भागणार नाही; ऑफिसला फोन करून आणखी मागवले.