मोटार आत, किल्ली कुणाच्या हाती?

शहरांत वाहने उभी करण्यास जागा उरली नाही, तेव्हा ती उचलून मजल्यामजल्यांवर ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेकडे पालिकांचे लक्ष वळणे स्वाभाविकच होते. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील होबोकेन शहराने २००२ मध्ये तीनशेहून अधिक मोटारींचे असे वाहनगृह उघडले. २००६ मध्ये मात्र पालिका व यंत्रणा पुरविणारी कंपनी यांच्यात संगणकाच्या आज्ञावलीच्या परवान्यावरून वाद झाला आणि मोटारी काही दिवस आतच अडकून पडल्या. बिघाड यंत्रात नव्हता, व्यवहारात होता.

यंत्राचे गणितही निष्ठुरच आहे. उद्वाहक, सरकता फलाट, संवेदक, संगणक व वीजपुरवठा हे पाच दुवे प्रत्येकी शंभरांत नव्व्याण्णव वेळा चोख चालले, तरी पाचही एकत्र चोख चालण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर येते. साध्या वाहनतळात एक मोटार बंद पडली तर इतर बाजूने निघतात. येथे एकुलता उद्वाहक थांबला की सारा मनोरा थांबतो.

मुंबईत भुलाभाई देसाई मार्गावर २४० मोटारींच्या अशा मनोऱ्याचे २०२१ मध्ये उद्घाटन झाले; तेव्हा हा प्रश्न परका नाही. निविदेत मजले व मोटारी मोजल्या जातात. त्यांच्या जोडीला दुसरा उद्वाहक, पर्यायी वीज, दुरुस्तीची मुदत आणि करार संपला तरी आज्ञावली पालिकेकडे राहील ही अट, एवढे लिहून घेतलेच पाहिजे. नागरिक मोटार सोपवतो ती वेळेवर परत मिळेल या भरवशावर. तो भरवसा यंत्राबरोबर आपोआप येत नाही.