नियम एक, झाडं अनेक

दहा लाख आकड्यांतून हवा तो आकडा जास्तीत जास्त वीस ठिकाणी पाहून सापडतो. प्रोग्रामिंग शिकताना लवकरच भेटणारं ‘बायनरी सर्च ट्री’ हे करून दाखवतं, पण एका अटीवर. ती अट समजली, की हा विषय खऱ्या अर्थानं उमगतो.

नियम सोपा आहे. कोणत्याही नोडच्या, म्हणजे झाडात बसलेल्या आकड्याच्या, डावीकडे त्याहून लहान आकडे, उजवीकडे मोठे. ५०, ३०, ७०, २०, ४०, ६०, ८० या क्रमानं आकडे घालून पाहू. ५० पहिला आला म्हणून तो मूळ, म्हणजे रूट. पुढे ६०ची पाळी आली, की तो ५०पेक्षा मोठा म्हणून उजवीकडे वळतो. तिथल्या ७०पेक्षा लहान म्हणून डावीकडे जातो. जागा रिकामी दिसली की तिथेच बसतो. शोधतानाही हीच वाट. सात आकडे तीन पातळ्यांत मावतात, आणि दर पावलाला उरलेलं अर्धं झाड बाद होतं.

आता सगळ्या नोडना भेट द्यायची, म्हणजे ट्रॅव्हर्सल करायचं. आधी डावी फांदी, मग नोड स्वतः, मग उजवी फांदी, हे इनऑर्डर. फंक्शन स्वतःलाच बोलावत ५०वरून ३०वर, तिथून २०वर उतरतं. २०च्या डावीकडे काही नाही, म्हणून २० छापतं, परत ३०वर येऊन तो छापतं, मग ४०. शेवटी २० ते ८० चढत्या क्रमानं हजर. वेगळं सॉर्टिंग नको. प्रीऑर्डरमध्ये नोड आधी येतो : ५०, ३०, २०, ४०, ७०, ६०, ८०. याच क्रमानं आकडे पुन्हा घातले तर हुबेहूब तेच झाड उभं राहतं. पोस्टऑर्डरमध्ये नोड शेवटी येतो. मेमरी मोकळी करताना तो कामाचा, कारण फांद्या आधी काढून मगच मूळ काढायचं असतं.

आता तेच सात आकडे चढत्या क्रमानं घाला. प्रत्येक जण आधीच्याच्या उजवीकडे बसतो आणि सात पातळ्यांची सरळ रांग तयार होते. इनऑर्डरचं उत्तर मात्र तेच, अचूक! म्हणूनच हा दोष लपून राहतो. छोट्या चाचणीत सगळं ठीक दिसतं. दहा लाख नोंदी क्रमानं आल्या, की शेवटची शोधायला दहा लाख पावलं लागतात. नियम पाळला म्हणून क्रम मिळतो. वेग मिळतो तो झाडाच्या आकारातून. झाड तोललेलं हवं, हीच सुरुवातीची ती अट.

यावर १९६२ साली सोव्हिएत गणितज्ञ अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी उपाय दिला. कोणत्याही नोडच्या दोन बाजूंच्या उंचीत एकाहून जास्त फरक पडू द्यायचा नाही. २०, ३०, ४० अशी रांग झाली, की झाड फिरवून ३० वर घ्यायचा, २० डावीकडे, ४० उजवीकडे. क्रमाला धक्का लागत नाही. अशा एव्हीएल झाडात दहा लाख नोंदी २८ पातळ्यांपलीकडे जात नाहीत. पुढे आलेली रेड-ब्लॅक झाडंही असाच तोल सांभाळतात. जावाचा ट्रीमॅप आणि लिनक्सचा गाभा त्यांवर विसंबतात.

म्हणून शिकणाऱ्या प्रत्येकाला आग्रहानं सांगावंसं वाटतं : आपल्या झाडात एकदा क्रमवार आकडे घाला आणि नुसतं उत्तर पाहू नका, उंचीही मोजा.