नव्वद दिवसांतली निवडणूक

10 मे 2023 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या विधिमंडळाने राज्यघटनेत दुरुस्ती सुचवणारा ठराव मंजूर केला. त्यावर लोकांनी मतदान करायची तारीखही त्याच ठरावात घातली: 8 ऑगस्ट. आता कॅलेंडर घेऊन मोजा. मेचे उरलेले 21, जूनचे 30, जुलैचे 31, ऑगस्टचे 8. बरोबर 90. असा ठराव मतदानाच्या किमान 90 दिवस आधी दाखल झाला पाहिजे, असं ओहायोची घटना सांगते. म्हणजे आमदारांनी आणखी एक दिवस काथ्याकूट केला असता, तर ऑगस्टचा मुहूर्त हुकला असता.

आपल्याला हा प्रकार मुळात नवा. भारतात घटनादुरुस्ती संसद करते, काही कलमांना निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागते आणि तिथे काम संपतं. मतदाराला कुणी विचारत नाही. महाराष्ट्राला तर स्वतःची वेगळी घटनाच नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतंत्र घटना आहे आणि ओहायोत तिच्यातला शब्द बदलायचा, तर शेवटी लोकांचं बहुमत लागतं. विधिमंडळ फक्त प्रस्ताव ठेवतं, तोही दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं मिळाली तरच. प्रतिनिधिगृहात 99 पैकी 60 मतं हवी होती, 62 पडली. गव्हर्नरची सही अशा ठरावाला लागत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कोर्टात याचाच प्रश्न झाला.

प्रस्ताव काय होता? यापुढे घटना बदलायला निम्म्याहून अधिक नव्हे, तर 60 टक्के मतं लागावीत. शिवाय नागरिकांना सह्या गोळा करून दुरुस्ती आणायची असेल, तर 44 ऐवजी राज्यातल्या सगळ्या 88 काउंट्यांमधून, म्हणजे जिल्ह्यांमधून, ठरावीक सह्या आणाव्यात. नोव्हेंबरमध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती मतदानाला येणार, हे तोवर दिसू लागलं होतं. ऑगस्टची घाई कशासाठी, हे ओहायोत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

अडचण वेगळीच होती. काही महिन्यांपूर्वी याच विधिमंडळाने कायदा करून ऑगस्टमधल्या बहुतेक विशेष निवडणुका बंद केल्या होत्या. कारणही रास्त होतं: भर उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी मत द्यायला येत नाही आणि खर्च मात्र पुरा होतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये जेमतेम 8 टक्के मतदान झालं होतं. कायदा एक म्हणतो, ठराव दुसरं. गव्हर्नरच्या सहीविना झालेला ठराव कायद्याला ओलांडू शकतो का? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी ठरावाच्या बाजूने कौल दिला. दुरुस्तीवरचं मतदान विशेष निवडणुकीत घ्यायचं की सर्वसाधारण, हे विधिमंडळाने ठरवावं, असं घटनेतच आहे, मग साधा कायदा तो अधिकार कसा काढून घेणार? कायद्याच्या दृष्टीने हे पटण्यासारखं आहे. औचित्याचं विचाराल तर माझं मत त्या तीन न्यायाधीशांच्या बाजूला झुकतं.

मात्र निकालाची वाट पाहत निवडणूक कचेऱ्या थांबून राहू शकत नव्हत्या. लग्नाचा मुहूर्त ठरला की आपण मागे मोजत जातो: कार्यालय कधी, पत्रिका कधी छापायला टाकायच्या. इथेही तसंच. उमेदवार नाहीत, म्हणून अर्ज, छाननी, माघार यांची कटकट नाही. त्या जागी एकच गोष्ट येते, प्रश्नाचा मजकूर. आणि ती दहा उमेदवारांपेक्षा जड असते.

हा मजकूर पाच जणांचं मतपत्रिका मंडळ ठरवतं. अध्यक्ष असतो राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट. तिथे तो लोकांनी निवडून दिलेला, निवडणुकांचा प्रमुख अधिकारी. 2023 मध्ये फ्रँक लारोझ त्या पदावर होते. मतपत्रिकेवरच्या शीर्षकाचा भाव असा होता की ‘कोणतीही’ घटनादुरुस्ती पात्र ठरण्याचे आणि मंजूर होण्याचे निकष उंचावले जातील. विरोधक न्यायालयात गेले. ‘कोणतीही’ हा शब्द चुकीचा आहे, सह्यांची अट फक्त नागरिकांनी आणलेल्या दुरुस्त्यांना लागू होते, विधिमंडळाच्या नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं आणि शब्द बदलायला लावला. सह्यांच्या हिशेबातली एक चूकही दुरुस्त करायला सांगितली: मजकुरात काउंटीतल्या पात्र मतदारांच्या 5 टक्के असं आलं होतं, खरा आधार होता मागच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पडलेली मतं. ‘उंचावणं’ हे सरळसरळ गोडवा लावणारं क्रियापद मात्र तसंच राहिलं. ‘अवघड करणं’ असं लिहिलं असतं, तर तेही खरंच ठरलं असतं.

शब्दांचा हा छळ गोव्याने एकदा चित्रं वापरून टाळला होता. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं, अशी निशाणी होती. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. ओहायोच्या दुरुस्तीला निशाणी कुठली काढणार? टक्केवारीचं चित्र निघत नाही.

मजकुराचा निकाल आला 12 जूनला. आणि 23 जूनला पहिल्या मतपत्रिका रवाना व्हायच्या होत्या, कारण सैन्यात आणि परदेशात असलेल्या मतदारांना त्या 46 दिवस आधी पाठवाव्या लागतात. म्हणजे मधे 11 दिवस. तेवढ्यात मंडळाची पुन्हा बैठक, नवा मजकूर, मग 88 काउंट्यांत मांडणी, तपासणी, छपाई. शिवाय प्रस्ताव, त्याचं स्पष्टीकरण आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वर्तमानपत्रांत सलग तीन आठवडे छापायचे. हेही घटनेचंच बंधन.

प्रत्यक्ष राबतात ती काउंटीची निवडणूक मंडळं. चार सदस्य, दोन्ही मोठ्या पक्षांचे दोन-दोन. संचालक एका पक्षाचा, तर उपसंचालक दुसऱ्याचा. मतपत्रिका ठेवलेल्या खोलीला दोन कुलपं, एकेका पक्षाकडे एक किल्ली. एकटा कुणी आत जाऊच शकत नाही. आपल्याकडे निवडणूक यंत्रणेत पक्षाचा माणूस नको म्हणून धडपड असते, तिथे मुद्दाम दोघांना समोरासमोर बसवतात, एकमेकांवर डोळा ठेवायला. मला ही रीत आवडते, निदान ती अविश्वास लपवत नाही. मतदान केंद्रांवरची माणसंही अशीच दोन्हीकडची. जुलैच्या सुट्ट्यांत ही माणसं जमवायची, शाळा आणि चर्चच्या जागा मिळवायच्या, यंत्रांत खोटी मतं टाकून बेरीज जुळते का ते पाहायचं, नव्या नियमाप्रमाणे फोटोचं ओळखपत्र लागेल हे लोकांना सांगायचं. 10 जुलैला मतदार नोंदणी बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी मुदतपूर्व मतदान सुरू.

ऑगस्टला कुणी येत नाही, या हिशेबावर पाणी पडलं. 30 लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं. 57 टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं. त्या रात्रीचा आकडा अनधिकृतच होता. आदल्या दिवसापर्यंतच्या शिक्क्याच्या टपाली मतपत्रिकांसाठी आणखी चार दिवस होते. ओळखपत्र नसल्याने तात्पुरतं मत दिलेल्यांना ते आणून दाखवायलाही तेवढेच. त्यानंतर काउंट्यांनी अधिकृत बेरजा केल्या.

या प्रश्नाचं नाव होतं ‘इश्यू वन’. नोव्हेंबरच्या निवडणुकीत क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले, म्हणून तेव्हा आलेली गर्भपात-हक्काची दुरुस्तीसुद्धा ‘इश्यू वन’च. तिच्या समर्थकांना ऑगस्टमध्ये लोकांना ‘नाही’ म्हणायला शिकवावं लागलं आणि तीन महिन्यांत त्याच नावापुढे ‘हो’ म्हणायला. नोव्हेंबरात सुमारे 57 टक्के ‘हो’ पडली. साध्या बहुमताला पुरेशी, साठाला तीन कमी.