शोपेनहौअरचा निराशावाद आणि दासबोधातील दुःखविचार

प्रस्तावना

जीवन दुःखमय आहे असे सांगणाऱ्या प्रत्येक विचारवंतास निराशावादी म्हणावे काय? भारतीय तत्त्वज्ञानावर निराशावादाचा आक्षेप वारंवार घेतला जातो. संतसाहित्य शिकवितानाही तो पुढे येतो. आधुनिक निराशावादाचा प्रमुख भाष्यकार आर्थर शोपेनहौअर आणि ज्यांचे कार्य मुख्यतः सातारा-सांगली परिसरात उभे राहिले ते समर्थ रामदास यांच्या तुलनेतून या आक्षेपाची परीक्षा करता येते.

शोपेनहौअर : जीवन व विचार

शोपेनहौअरचा जन्म २२ फेब्रुवारी १७८८ रोजी डान्झिग येथील सधन व्यापारी कुटुंबात झाला. १८०५ मध्ये वडिलांचा मृत्यू झाला. लेखिका असलेल्या आईशी त्याचे पटले नाही. त्याचा मुख्य ग्रंथ १८१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, परंतु उपेक्षित राहिला. बर्लिन विद्यापीठात त्याने हेगेलच्या व्याख्यानांचीच वेळ मुद्दाम निवडली. परिणामी त्याच्याकडे विद्यार्थी फिरकले नाहीत. १८५१ नंतर त्याला कीर्ती लाभली. १८६० मध्ये फ्रँकफुर्ट येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या मते विश्वाच्या मुळाशी एक आंधळी, हेतुशून्य संकल्पशक्ती आहे. मानवी वासना हा तिचाच आविष्कार होय. वासना अतृप्त राहिली तर दुःख होते आणि तृप्त झाली तर कंटाळा येतो. कलास्वाद, करुणा आणि अंतिमतः संकल्पाचा निरोध हे त्याने सांगितलेले सुटकेचे मार्ग होत. आत्महत्येस मात्र तो उपाय मानत नाही, कारण तीत जीवनेच्छा नष्ट होत नाही. केवळ परिस्थिती नाकारली जाते. दारा शुकोहच्या फार्सी अनुवादावरून झालेले उपनिषदांचे लॅटिन भाषांतर हा त्याचा आवडता ग्रंथ होता.

दासबोधातील दुःखविचार

दासबोधाचा तिसरा दशक जन्मदुःखापासून सुरू होतो आणि संसारातील ओढाताण, त्रिविध ताप व मृत्यू यांचे निरूपण करून वैराग्यावर संपतो. एवढाच भाग वाचल्यास समर्थांनाही निराशावादी ठरविता येईल. परंतु दासबोध वीस दशकांचा आहे. पुढे अकराव्या दशकात राजकारण, तर बाराव्यात प्रपंच नेटका करण्याचा उपदेश आणि यत्नाची शिकवण येते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज आदी ठिकाणचे सात सातारा जिल्ह्यात, तर बहे व शिराळा येथील दोन सांगली जिल्ह्यात आहेत. दुःखाचे निदान करणाऱ्याने बलोपासनेची केंद्रे उभारावीत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. काही काळ सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या गुरुदेव रा. द. रानडे यांनीही समर्थांच्या अध्यात्मातील कर्मप्रवणतेवर भर दिला.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) शोपेनहौअरची दखल घेतली. संसारात दुःख अधिक आहे हे मान्य करूनही त्यावरून कर्मत्याग सिद्ध होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

निष्कर्ष

शोपेनहौअर व समर्थ यांचे दुःखाचे वर्णन बरेचसे जुळते. वैराग्यही दोघांना मान्य आहे. तथापि शोपेनहौअरच्या विश्वात ईश्वर नाही, म्हणून तेथे वैराग्याचा शेवट संकल्पाच्या विलयात होतो. समर्थांचे वैराग्य भक्तीच्या आधाराने लोकसंग्रहाकडे वळते. म्हणून विचारवंत निराशावादी आहे की नाही, हे त्याच्या दुःखवर्णनावरून नव्हे, तर त्यातून तो काढीत असलेल्या निष्कर्षावरून ठरविणे युक्त ठरेल. संतसाहित्यातील एखादा वेचा अध्यापनासाठी निवडताना हा विवेक विशेष आवश्यक आहे.