बुरशीला हवं असतं आपलं लोह

इयरफोन लावलेत ना? चला तर मग.

२०२१ चा उन्हाळा आठवतोय? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘म्युकरमायकोसिस’ हा शब्द घरोघरी पोचला. कोरोनातून उठलेल्या माणसांचा जबडा, कुणाचा डोळा काढावा लागला. पण ही बुरशी नवी नव्हतीच. शिळ्या पावावर उगवणारी ऱ्हायझोपस याच कुळातली. तिचे कण आपण रोज श्वासातून आत घेतो. मग एरवी काहीच का होत नाही?

एक कारण आहे लोह. लोहाशिवाय बुरशी वाढूच शकत नाही. आपल्या रक्तात लोह भरपूर असतं, पण मोकळं जवळपास नसतंच. ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन ते घट्ट धरून ठेवतं. म्हणजे घरात धान्य आहे, पण कोठाराला कुलूप!

असंच जस्ताचं. संसर्गाच्या जागी पांढऱ्या पेशी कॅलप्रोटेक्टिन सोडतात, ते जस्त आणि मँगनीज पकडून ठेवतं. बुरशीही कमी नाही. कँडिडा स्वतःचं एक प्रोटीन बाहेर पाठवते आणि आपल्याच पेशींतलं जस्त ओढून आणते.

आता डायबेटिस बघा. साखर फारच हाताबाहेर गेली की रक्तात कीटोन साठतात, रक्त आम्लधर्मी होतं. अशा वेळी ट्रान्सफेरिनची पकड सुटते. लोह मोकळं, बुरशीची दिवाळी! त्यात कोरोनासाठी दिलेली स्टिरॉइड्स साखर वाढवतात आणि पांढऱ्या पेशींनाही ढिलं करतात.

मग औषधाने लोहच काढून टाकलं तर? इतकं सोपं नाही. डेफेरॉक्सामिन हे शरीरातलं जादा लोह काढायचं औषध. पण ते घेणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णांनाच म्युकर होताना दिसला. औषधाने धरलेलं लोह ऱ्हायझोपस आयतं उचलते! पुढे डेफेरासिरॉक्स हे दुसरं औषध आलं. उंदरांवर ते चाललं, पण २० रुग्णांच्या छोट्या चाचणीत ते घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त झाले.

म्हणून कोठाराचं कुलूप शाबूत ठेवणं आपल्या हातात. घरात कुणाला डायबेटिस असेल तर साखर वेळच्या वेळी तपासा. स्टिरॉइड मनाने घेऊ नका, मनाने बंदही करू नका. आणि अशा माणसाचा चेहरा एका बाजूने सुजला, दुखला, नाकातून काळपट स्राव आला, तर ‘उद्या बघू’ नको. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आईबाबांना हा भाग नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!