माझा शिकण्याचा कल कोणता?
पाहून, ऐकून, वाचून-लिहून की हाताने करून? न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ‘व्हार्क’ प्रश्नावली हे चार कल तपासते; तिच्यावरचा मूळ लेख १९९२चा. पण २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी पुरावे चाळले, तेव्हा कलानुसार शिकवल्याने जास्त शिकता येते याला पुरेसा आधार सापडला नाही. थोडक्यात, निकाल आवड सांगतो, कुवत नव्हे.

सुरतमधल्या लिंबायतच्या खान्देशी घरातलं पोर बघा. घरी अहिराणी, शाळेत मराठी. गुजराती मात्र पुस्तकाआधीच आली, दुकानाच्या पाट्या वाचत, सुटे पैसे मोजत. कोणत्या कलात बसवणार?

त्यापेक्षा धडा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जे सुटलं, तेवढंच परत वाचा.