टायर वेगाने नाही, ब्रेकने फुटतो

१४ जुलै २००३. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा नववा टप्पा गाप शहराच्या दिशेने उतरत होता. त्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट होती आणि आल्प्समधल्या रस्त्यांवरचं डांबर पाघळलं होतं. एकूण क्रमवारीत लान्स आर्मस्ट्राँगपेक्षा फक्त ४० सेकंदांनी मागे असलेला स्पेनचा होसेबा बेलोकी ला रोशेतच्या उतारावर पुढे होता आणि आर्मस्ट्राँग त्याच्या मागच्या चाकाला चिकटून. वळण आलं, बेलोकीने ब्रेक दाबला, मऊ डांबरावर मागचं चाक घसरलं, रिमवर गोंदाने चिकटवलेला टायर सुटला आणि तो आदळला. मांडीचं हाड, कोपर, मनगट, तिन्ही मोडली. मागून येणारा आर्मस्ट्राँग रस्ता सोडून शेतात घुसला आणि शेत तुडवत खालच्या वळणावर पुन्हा रस्त्याला लागला. आधीच्या तीन टूरमध्ये सलग पहिल्या तिघांत आलेला बेलोकी नंतर त्या उंचीला कधी पोचला नाही.

अशा अपघाताचं खापर वेगावर फोडायची आपली सवय आहे. पण शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात सपाट रस्त्यावरही सायकलपटू ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठतात आणि त्या वेगाने टायर फुटत नाहीत. टायरच्या दृष्टीने उतार वेगळा ठरतो तो तिथे ब्रेक लावावा लागतो म्हणून. बेलोकीच्या बाबतीत तापलेला रस्ता आणि दाबलेला ब्रेक एकत्र आले. आपल्या घाटांत रस्ता गार असला, तरी एकटा ब्रेक पुरेसा असतो.

हिशेब अगदी शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारा सायकलस्वार १,२०० मीटरहून अधिक उंची गमावतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर त्या उंचीत साठवलेली ऊर्जा साधारण ९४० किलोज्यूल होते. तीन लिटर पाण्याला उकळी आणायला एवढी ऊर्जा पुरते. यातली वेगाच्या रूपात किती दिसते? ताशी ५० किलोमीटरला जेमतेम आठ किलोज्यूल, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. बाकीची सगळी कुठेतरी उष्णता होऊनच संपते. हवा ढकलण्यात काही जाते, टायर आणि रस्त्याच्या घर्षणात थोडी जाते, उरलेली ब्रेकमध्ये. रिम ब्रेक असलेल्या सायकलवर रबराचे पॅड थेट रिमला घासतात. त्याच रिमने टायरची कड धरलेली असते आणि टायरच्या आत ट्यूब असते.

आता आठ टक्क्यांचा उतार घेऊ, म्हणजे दर १०० मीटरला आठ मीटर खाली. ब्रेक अजिबात न लावता सरळ बसून उतरलं, तर वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो, कारण तिथे हवेचा विरोध उताराच्या ओढीची बरोबरी करतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून ताशी ५० ने उतरताना बहुतेक काम हवाच करते आणि ब्रेकच्या वाट्याला १७० वॉटच्या आसपास उष्णता येते. ताशी १५ ने उतरलं तर हवेची मदत जवळपास नाही, पण सेकंदाला उंचीच कमी गमावली जाते, त्यामुळे ब्रेकमध्ये सुमारे २३० वॉट. सर्वांत वाईट आकडा या दोन्हींच्या मधे सापडतो. ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास ब्रेकमध्ये ३५० वॉट उतरतात. कोणताही उतार घ्या, ब्रेक सर्वाधिक तापवणारा वेग हा त्या उताराच्या कमाल वेगाच्या साधारण ५८ टक्के येतो. नवखा सायकलस्वार ‘जास्त जोरात नको, अगदी हळूही नको’ म्हणून नेमका हाच वेग निवडतो आणि घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंत दोन्ही ब्रेक अर्धवट दाबून ठेवतो.

३५० वॉट दोन रिममध्ये वाटले, तर प्रत्येकी १७५. अ‍ॅल्युमिनियमची रिम अर्धा किलो वजनाची असेल आणि वाऱ्याने काहीच उष्णता नेली नाही, तर ती मिनिटाला २३ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, म्हणून तापमान कुठेतरी थांबतं. पण उतार तीव्र होत गेला की गणित झपाट्याने बिघडतं. उतार दुप्पट तीव्र, तर ब्रेकमधली कमाल उष्णता जवळपास तिप्पट. दोघांनी चालवायच्या टँडेम सायकलचंही तसंच आहे. वजन दुप्पट होतं, हवेला अडणारं अंग फारसं वाढत नाही आणि रिम मात्र दोनच राहतात. म्हणून डोंगराळ भागात जाणाऱ्या टँडेमच्या मागच्या चाकाला पूर्वी वेगळा ड्रम ब्रेक बसवत असत.

तापलेल्या रिमवर टायरचं काय होतं? पहिली गोष्ट दाबाची. २७ अंशांना गेजवर १०० पौंड हवा भरली आणि आतली हवा १२० अंशांपर्यंत तापली, तर तोच गेज सुमारे १३५ पौंड दाखवेल. चांगला टायर एवढा दाब एकवेळ सोसतो. पण त्याच वेळी बाकीचे दुवेही कच्चे पडत असतात. रिमच्या आतली प्लास्टिकची टेप मऊ होते आणि ट्यूब स्पोकच्या भोकांमध्ये फुगून फाटते. नीट न बसलेली टायरची कड गरम रिमवरून वर सरकते, ट्यूब बाहेर डोकावते आणि क्षणात फुटते. चिकटवलेल्या टायरचा गोंद सैल पडतो. ब्रेकने वर्षानुवर्षं घासून पातळ झालेली रिमची भिंत वाढलेल्या दाबाने फाटू शकते. यातला एकही दोष सपाट रस्त्यावर जाणवला नसता.

कार्बनच्या रिममध्ये आणखी एक अडचण आहे. कार्बनचे धागे उष्णता सोसतात, पण त्यांना बांधून ठेवणारं इपॉक्सी ठरावीक तापमानापुढे मऊ होतं. शिवाय हा पदार्थ उष्णता लवकर पसरवत नाही, त्यामुळे पॅड घासतो तिथेच ती साचते आणि आतल्या दाबाने रिमची कड बाहेर वाकते. शर्यतींमध्ये डिस्क ब्रेक रुळले, त्याला हेही एक कारण आहे. डिस्क ब्रेकमुळे उष्णता कमी होत नाही, फक्त टायरपासून दूर चाकाच्या मध्याशी जाते. तिथे डिस्क तापते आणि अति झालं तर ब्रेकमधलं तेल उकळून लिव्हर ढिला पडतो. टायर मात्र वाचतो.

‘ब्रेक सोडत-सोडत लावा, म्हणजे गार होतो’ हा सल्ला बरोबर आहे, कारण मात्र अपुरं आहे. ब्रेक सोडल्यावर वेग वाढतो, वाढलेल्या वेगात हवा जास्त ऊर्जा खाते आणि ब्रेकने गिळायची ऊर्जाच घटते. म्हणून सरळ पट्ट्यात ब्रेक सोडावा, छाती वर करून वाऱ्याला अडवावं आणि वळणाआधी दोन्ही ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून पुन्हा सोडावेत. फक्त मागचा ब्रेक दाबत राहिलं, तर सगळी उष्णता एकाच रिमवर येते.

अडचण अशी की आपल्या घाटांत ब्रेक सोडून देण्याची मुभा क्वचित मिळते. पुढे रेंगाळणारा ट्रक, वळणावर पसरलेली खडी, पावसाळ्यात शेवाळ, अचानक आलेला खड्डा. अशा रस्त्यावर ताशी ५० हा सल्ला कोणी देऊ नये. तिथे दुसरं टोक पकडावं. खरोखर हळू, ताशी दहा-पंधराने उतरावं आणि रिम फार तापण्याआधीच थांबावं. आधीच, कारण थांबलं की वारा बंद होतो आणि रिमची उष्णता ट्यूबमध्ये झिरपत राहते. रिमला बोट लावून पाहू नये, भाजतं. सामान लादून घाट उतरणाऱ्यांनी रुंद टायर घ्यावेत आणि हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापेक्षा कमी ठेवावी. निघण्याआधी ब्रेक पॅड टायरच्या बाजूला घासत नाही ना, टायरची कड सगळीकडे सारखी बसली आहे ना आणि रिमची घासणारी बाजू आत दबून खोलगट झालेली नाही ना, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात.

एवढं करूनही टायर फुटलाच, तर हॅण्डल सरळ धरावं, सायकल झुकवू नये आणि ज्या चाकाचा टायर शाबूत आहे त्याचाच ब्रेक हळूहळू दाबावा. पुढचा फुटला असेल, तर वजन मागे न्यावं आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नये. हवा गेलेल्या चाकावर ब्रेक लावला की टायर रिमवरून पूर्ण उतरून फोर्कमध्ये अडकू शकतो. वळणावर हे सगळं जमणं कठीण असतं, म्हणून वळणाआधीचा वेग एवढाच ठेवावा की पुढच्या सरळ पट्ट्यात एका ब्रेकवर थांबता येईल.